लीगचा करार की खात्याची नोकरी? कोकणातल्या बास्केटबॉलपटूसाठी

विशीच्या आगेमागे वय, राज्याच्या संघातून एखादी राष्ट्रीय स्पर्धा खेळून झालेली आणि घर कोकणात, अशा मुलासाठी हे लिहितोय. स्पोर्ट्स कोटा म्हणजे रेल्वेसारख्या सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखलेल्या नोकऱ्या, आणि लीग म्हणजे हंगामापुरता करार देणारी व्यावसायिक स्पर्धा, ते तुला माहीत आहेच. मी दोन्हीकडे खेळलो आणि शेवटी एकीकडे टिकलो. माझं मत कुठे झुकतं ते लपणार नाही, पण ते माझं मत आहे, एवढं धरून चाल.

आधी अमेरिकेचा विषय मिटवू, कारण तो निघतोच. सतनाम सिंगला 2015 साली एनबीए या तिथल्या सर्वोच्च लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलस मॅव्हरिक्सने 52व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिलाच. नंतर टेक्सास लेजेंड्सकडून डी-लीगचे (एनबीएच्या खालची लीग, तिलाच आता जी लीग म्हणतात) दोन हंगाम खेळला, एनबीएचा सामना मात्र नशिबात आला नाही. प्रिन्सपाल सिंग ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकादमीतून पुढे गेला, 2020-21 मध्ये जी लीगच्या इग्नाइट संघाकडे होता, 2021 ला सॅक्रामेंटो किंग्जच्या समर लीग संघात. दोघंही मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून अकादमीत गेलेले. सतनामची उंची 7 फूट 2 इंच, आपल्याकडे तेवढे फक्त माड वाढतात. विसाव्या वर्षी हा रस्ता नव्याने धरता येत नाही. तेव्हा खरी निवड देशातल्या देशातच आहे.

खेळ म्हणून विचारशील तर लीग सरस, यात वादच नाही. आपण वाढलो सिमेंटवर. लाकडी कोर्टवर पहिल्यांदा उतरलो तेव्हा चेंडू एवढा सरळ उसळतो याचीच सवय करून घ्यावी लागली. संध्याकाळी गुडघे ठणकले नाहीत, हे तर अप्रूपच. घड्याळाचं तेच. 24 सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकायचा असा नियम, पण गावाकडे ते कोण मोजतो? तिथे डोक्यावर लाल आकडे पळत असतात आणि पाठीत परदेशी सेंटरचं कोपर रुतलेलं असतं. त्या अवस्थेत पास कुठे द्यायचा, हे मी तिथेच शिकलो. फिजिओ असतो, आदल्या सामन्याचा व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवतात. खात्यात यातलं फारसं मिळत नाही, निदान मला मिळालं नाही.

पैसेही वाईट नाहीत. हंगामापुरते.

आणि इथेच माझं बिनसलं. मला टोचलं ते वाट पाहणं. करार संपला की सामान बांधून तुतारी एक्सप्रेसने कणकवलीला उतरायचं. पुढे काय, ते कोणी सांगत नाही. ‘तयार राहा, कळवतो.’ आमच्या वाडीत फोनला रेंज नाही, म्हणून रोज संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायचं, जांभ्याच्या दगडावर बसून मेसेज उतरायची वाट बघायची आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं. पाणंदीत भेटेल तो विचारणार, ‘काय रे, बोलावणां इलां काय?’ कुठे शिकवायचं काम धरावं, तर मध्येच बोलावतील ही धास्ती. आंब्याच्या हंगामात बाबांना हात द्यावा, तर बोट चेपलं तर काय करायचं? शिमग्याला पालखी खांद्यावर घेतानासुद्धा मन खिशातल्या फोनपाशी.

बरं, तयार राहायचं म्हणजे कुठे राहायचं? जून ते सप्टेंबर शाळेच्या कोर्टवर शेवाळ. हिराच्या खराट्याने घासायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची, दोन दिवस ऊन पडलं तर खेळायचं, की परत बुळबुळीत. खाऱ्या हवेने रिंगचे बोल्ट असे गंजलेले की डंक मारायची भीती वाटावी. छत असलेलं एकच सभागृह जवळ, तिथे लग्नं आणि बॅडमिंटन. पुण्या-मुंबईच्या मुलाला हा त्रास एवढा जाणवणार नाही. भारताचे माजी कप्तान अब्बास मुनतसीर यांच्या मुंबईतल्या नागपाड्यात राहणाऱ्याला मोकळ्या महिन्यातही दहा जण खेळायला मिळतात. आपल्याला अर्ध्या कोर्टला सहा जमवताना नाकी नऊ येतात. थ्री-एक्स-थ्रीवाल्यांना, म्हणजे अर्ध्या कोर्टवर तिघं-तिघं खेळणाऱ्यांना, ते चालून जातं म्हणा, आणि 2018 ला त्यांची थ्रीबीएल ही लीग सुरूही झाली, पण तिचेही दिवस मोजकेच.

लीगवाल्यांना दोष देत नाही, त्यांचंही पोट प्रायोजकांवर. पण हिशेब बघ. यूबीए ही देशातली लीग 2015 ला सुरू झाली, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते, आणि 2017 नंतर बंद. आयएनबीएल या पुढच्या लीगचा पाच-पाच जणांच्या खेळाचा पहिला हंगाम उजाडला 2022 ला. यूबीए थांबली तेव्हा जो विशीत होता, तो तोवर पंचविशीला टेकला. 2025 ला आयएनबीएल प्रो झाली, तिच्या नावातच यू-25, म्हणजे पंचविशीच्या आतले, असं आहे.

आता खातं. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातही वय 18 ते 25, सवलत नाही. म्हणजे दोन्ही दारं साधारण एकाच वेळी बंद होतात, आणि ‘आधी लीग, मग बघू’ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. राष्ट्रीय स्तरावरच्या खेळाडूला बहुधा लेव्हल 2 किंवा 3 ची वेतनश्रेणी मिळते, मूळ पगार 19,900 किंवा 21,700, वर भत्ते. लीगच्या चांगल्या हंगामासमोर हा आकडा किरकोळ दिसतो, पण तो पावसाळ्यातही येतो.

तोटे आहेत. संघात जागा अडवून बसलेले सीनियर असतात. ते निवृत्तही होत नाहीत आणि बचावाला मागेही पळत नाहीत. माझी पहिली काही वर्षं बाकावर गेली. ऑफिसात ‘या खेळाडू, आज इकडे कुठे?’ असं रोज ऐकायचं. सही करून दुपारी मैदानावर जायची मुभा कागदावर असते, ती साहेबाकडून मिळवावी लागते. बाहेरची स्पर्धा खेळायची तर ना-हरकतीचा कागद टेबलाटेबलावर फिरतो. कँटीनचा वडापाव तर विचारू नकोस.

तरी नोकरीने दार बंदच होतं असं नाही. विशेष भृगुवंशी हा खेळाडू ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत नोकरीला असतानाच 2017 ला ऑस्ट्रेलियाच्या अॅडलेड 36अर्स या संघाने त्याला करारबद्ध केलं. तो भारताचा कप्तान होता, आपण नाही, मान्य. पण लीगमधून खात्यात शिरायचं तर वय आडवं येतं. खात्यात राहून लीगसाठी परवानगी मागायची, तर निदान मागायला कोणीतरी असतं.

घरची बाजू भक्कम असेल, मुंबईत राहायला मामाची खोली असेल आणि वय एकोणीसच असेल, तर एक हंगाम लीग खेळ, मी अडवणार नाही. बावीस उलटली असेल तर मी तरी अर्ज आधी भरीन. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमधल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणातही नशीब आजमावायचं असेल तर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्रांची पडताळणी आत्ताच करून घे. जाहिरात आल्यावर धावपळ केलीस तर मुदत हुकायचीच शक्यता जास्त.