संगीताची प्राध्यापकी: तासिकेवर की पूर्णवेळ?

वऱ्हाडात किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तालुक्याच्या कला महाविद्यालयात गायन शिकवायचं, तर आधी एक घोळ मिटवून घ्यावा. तासिका म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन. पूर्णवेळ म्हणजे अनुदानित, मंजूर पद: वेतनाची लेव्हल दहा, सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. संस्थेच्या ठोक पगारावर दिवसभर बसवून घेतात त्यालाही तोंडी पूर्णवेळच म्हणतात. पण त्यात कामं पूर्णवेळाची आणि पैसे तासिकेचे, असा दोन्हीकडून तोटा. तो पर्याय इथे धरलेला नाही. अनुदानित जागा क्वचित सुटते, आणि सुटली की काय काय विचारलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नेट-सेट हाताशी असेल आणि जागेमागे लागावं की तासिका घेऊन बाकीचा वेळ मोकळा ठेवावा, असा पेच असेल तर पुढचं कामी यावं.

पैशांचं थोडक्यात. तासिकेवर प्रॅक्टिकलच्या तासाला थिअरीपेक्षा कमी दर मिळतो, आणि संगीतात बहुतेक काम प्रॅक्टिकलचंच. म्हणजे इतिहासाच्या तासिकावाल्याइतकेच तास घेऊन हातात कमी येतं. मानधनही महिन्याच्या महिन्याला येईल असं धरून गाडीचा हप्ता बांधू नये. दरवर्षी नव्याने मुलाखत आणि नव्याने ऑर्डर. पूर्णवेळात सहायक प्राध्यापकाला आठवड्याचे 16 तास प्रत्यक्ष शिकवणं असतं, बाकी हजेरी. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हेही मनात असू द्यावं.

पण माझा कौल पगारावर ठरला नाही. तो ठरला कपाटाच्या किल्लीवर.

तासिकावाला तासाच्या घंटेला पोचतो. किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत. कपाट उघडलं की तानपुरा काढा, तबल्याची जोडी काढा, मग सूर लावा. तानपुऱ्याच्या चार तारा: पहिली पंचमाची, मधली षड्जाची जोडी, शेवटचा खर्ज. कालच्या तासाला भूप होता आणि आज मालकंस, तर पहिली तार मध्यमाला उतरवायची. आपल्याकडच्या एप्रिलात खुंट्या सुकून घसरतात, त्यांना खडूची पूड लावावी लागते. श्रावणात त्याच खुंट्या फुगून जाम होतात. जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणारा, दोरा कुठे बसतो ते शोधायचं वेगळंच. तबल्याला आधी चामड्याच्या वाद्यांखालच्या आठ लाकडी गठ्ठ्यांनी ढोबळ सूर, मग पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) कडेच्या गजऱ्यावर हातोडीने समोरासमोरची घरं मिळवायची. सवयीच्या हातालाही यात पंधरा मिनिटं सहज जातात. तास 48 मिनिटांचा.

हिशेब मांडून बघा. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला 60. ते 48 मिनिटांच्या तासिकांत बसवले तर 75 तासिका होतात. प्रत्येकीतली पंधरा मिनिटं गेली, की 60 तासांतले जवळपास 19 नुसते सूर लावण्यात संपले. उरलेल्या 41 तासांत एक बडा ख्याल आणि तीन-चार छोटे ख्याल आलाप-तानांसह वीस पोरांच्या गळ्यात उतरवायचे! पूर्णवेळवाला अर्धा तास आधी येऊन वाद्यं लावून ठेवतो. तो अर्धा तास त्याच्या पगारातच आहे. तासिकावाल्यानेही लवकर यावं, असं सांगणं सोपं आहे. दुसऱ्या तालुक्याचे तास आटोपून एसटीने येणाऱ्याला ते कसं जमावं?

मोबाइलवरच्या तानपुऱ्याने अर्धं दुखणं कमी होतं, हे मान्य. तबल्याचं मात्र तसंच राहतं. वर्ग मिश्र असतो: पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर मुलं पांढरी एक ते काळी दोन, मुली काळी चार-पाच. साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकला छान बोलतो. त्याला एका खोलीत दोन्ही पट्ट्यांसाठी वर-खाली ओढत राहिलं तर वाद्या सैल पडतात नाहीतर पुडी किनारीवर फाटते. मुलींसाठी सहा इंचांपुढचा दुसरा तबला हवाच. तो मागायचा तर तीन कोटेशनं, मागणीपत्र, डेड स्टॉक रजिस्टर. आणि तासिकावाल्याची सही त्या कागदावर बहुतेक ठिकाणी चालत नाही. पावसात पुडी ओल धरून उतरते, उन्हाळ्यात चढते. शनिवारी गठ्ठे थोडे उतरवून ठेवायला कुणी नसेल, तर सोमवारी फाटलेली पुडी हातात येते, तीही नेमकी प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात. पेटीचंही तसंच: धूळ जाऊन सूर अडकतात, उंदीर भाता कुरतडतात, रोज हात लावणारा नसेल तर महिनाभर कळतच नाही.

आता पूर्णवेळाचे काटे. कोणताही पाहुणा आला की स्वागतगीत संगीत विभागाचं, तेही आदल्या संध्याकाळी कळवून. जूनमध्ये प्रवेशासाठी गावोगाव फिरायचं, कारण मुलं घटली तर वर्कलोड घटतो आणि पद अतिरिक्त ठरू शकतं. नॅकच्या फायली, युवा महोत्सवाचा संघ, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्रार्थना. खाजगी शिकवणी चालत नाही, बाहेरच्या कार्यक्रमाला परवानगी घ्यावी लागते. गळ्याचंही बघावं: आठवड्याला 16 तास प्रत्येक जागा स्वतः गाऊन दाखवली तर दिवाळीपर्यंत आवाज बसतो. अर्ध्या जागा पेटीवर दाखवायच्या, वरची पट्टी लागणाऱ्या मुलीला पुढे करायचं, आणि स्वतःचा रियाज कॉलेजच्या आधी उरकायचा. संध्याकाळवर ठेवलेला रियाज मीटिंग खाऊन टाकते.

एवढं असूनही, मला विचाराल तर, पारडं पूर्णवेळाकडे झुकतं. आपल्याकडची पोट्टी खंजिरी भजनातून येतात. ताल पक्का, पण घसा ताणून वरच्या पट्टीत गायची सवय. ती सोडवायला एकाच कानाने तीन वर्षं ऐकावं लागतं. पहिल्या सेमिस्टरला एका बाईंनी खर्ज घोटून घेतला, आणि तिसऱ्याला नव्या ऑर्डरवर आलेल्या सरांनी पट्टीच बदलली, तर मुलगी परत मूळपदावर जाते. यात दोष त्या सरांचा नाही.

अपवाद आहेत, आणि ते खरे आहेत. गावात स्वतःचा चालता क्लास आणि गांधर्व मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं असतील, तर तासिका पुरते. क्लास सोडून पूर्णवेळ धरणं काहींना महागात पडतं. वडसा भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गन किंवा तबल्याची साथ करणाऱ्यांचं तर दिवाळीनंतरचं गणितच वेगळं: रात्रभर प्रयोग, सकाळी सक्तीची हजेरी, हे निभत नाही. त्यांनी तासिकाच घ्यावी. फक्त ऑर्डर घेतानाच तीन गोष्टी मागाव्यात: कपाटाची दुसरी किल्ली, प्रॅक्टिकलला सलग दोन तासिका, म्हणजे सूर एकदाच लावावा लागेल, आणि टिनाच्या शेडऐवजी स्लॅबची खोली. तिसरी बहुधा मिळणार नाही. पहिल्या दोन प्राचार्यांच्या हातातल्या असतात.