टायरच्या हवेचा दिवा आणि कुडाळचं सर्विस सेंटर

एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन देवगडहून कोल्हापूरला निघालो होतो, मागच्या सीटवर आई. शिरगाव सोडलं आणि टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. नांदगाव तिठ्यावर चहाला थांबलो, परत चावी फिरवली तर दिवा नाही. म्हटलं, असेल काहीतरी. फोंड्याला घाट चढायच्या आधी सवयीने हवा बघायला थांबलो. पंक्चरवाला म्हणाला, "काका, ह्या चाकात हवा खंय असा?" मागचं डावं चाक 19 वर! दाराच्या कडेला स्टिकरवर 33 लिहिलंय. रबरात पेटीचा खिळा रुतलेला, आमच्याच खळ्यातला. आई मागे बसलेली आणि मी तसाच घाट चढणार होतो. हवा कमी असलेला टायर तापतो, फुटतो.

जूनमध्ये कंपनीचा मेसेज आला. सगळा इंग्रजीत, खाली लिंक, एक्स्चेंज ऑफर असावी तसा. भाच्याने वाचला म्हणून रिकॉल आहे, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्यात, हे कळलं. दोष नेमका तोच, गाडी बंद करून चालू केली की इशारा पुसला जातो. याचा मला खरंच राग आला. जिवाशी खेळ असलेली गोष्ट फोन करून, मराठीत सांगायला नको? 2024 च्या डिसेंबरात टेस्लाने अमेरिकेत अशाच दोषासाठी जवळजवळ 7 लाख गाड्या रिकॉल केल्या, पण तिथे सॉफ्टवेअर घरबसल्या गाडीत उतरलं. आम्हाला कुडाळ गाठावं लागलं.

कुडाळच्या पोरांनी मात्र काम मनापासून केलं. सेन्सर चाकाच्या आत वॉल्व्हपाशी असतो, तो ठीक आहे, चूक सॉफ्टवेअरची, हे ॲडव्हायझरने नीट समजावलं. पाऊण तासात अपडेट झालं. मी म्हटलं, "आता दाखव." त्याने वॉल्व्ह दाबून हवा 22 वर आणली, आवारात चक्कर मारली, दिवा लागला. गाडी बंद, चालू. दिवा तसाच. तीनदा केलं. मग स्टेपनीसकट सगळी चाकं भरून दिली. एक रुपया घेतला नाही.

जाताना आरसी जवळ ठेवा, चासी नंबर विचारतात. सकाळी नऊची वेळ घ्या, दुपारी गर्दी होते. आणि दिवा लागतो, टिकतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जॉब कार्डवर सही करू नका.