पोटातली जळजळ : आधी जंतूंची तपासणी की आधी ताणावर उपाय?

जळजळ महिनाभर हटत नसेल तर दोन वाटा असतात. ‘टेन्शनचं पित्त’ म्हणून आराम, झोप आणि पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी. किंवा आधी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूची तपासणी. पहिली वाट चुकीची म्हणवत नाही. ताणाने जठराला खरोखर इजा होते. मोठं भाजणं, डोक्याला गंभीर मार, व्हेंटिलेटरवरचे दिवस यांत अस्तराचा रक्तपुरवठा घटून थोड्याच काळात व्रण पडतात. १९९५च्या कोबे भूकंपानंतर रक्तस्राव होणारे अल्सर वाढले होते. रोजच्या काळजीने मात्र बहुतेकदा पोट हळवं होतं. दुर्बिणीतून पाहिलं तर अस्तर चांगलं असू शकतं.

जंतूचं तसं नाही. तो युरियापासून अमोनिया बनवून आम्लाला तोंड देतो, अस्तरावरच्या चिकट थरात राहतो आणि वर्षानुवर्षं सूज टिकवतो. विश्रांतीने तो जात नाही.

तरीही क्रम ठरतो तो एका कटकटीमुळे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांनी जंतू दबतो, मरत नाही. मग श्वासाची आणि शौचाची, दोन्ही तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणून गोळी १४ दिवस बंद ठेवावी लागते. अँटिबायोटिक आणि बिस्मथ (पोटाचं एक औषध) ४ आठवडे. त्या पंधरवड्यात दबलेलं आम्ल उसळतं, जळजळ आधीपेक्षा वाढते, आणि अनेकजण मधेच गोळी घेतात. तेवढ्यापुरतं साधं अँटासिड चालतं. आधीच तपासलं असतं तर हा पंधरवडा वाचला असता. ॲस्पिरिन चालू असेल किंवा पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल, तर ही आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

दोन्हींत श्वासाची तपासणी जरा उजवी वाटते. उपाशीपोटी एक फुंक, तपासणीसाठी दिलेला युरिया घेऊन साधारण अर्ध्या तासाने दुसरी. शौचाचा नमुना पातळ असला किंवा उबेत पडून राहिला तर जंतू असूनही निसटू शकतो. लगेच देता येत नसेल तर २ ते ८ अंशांवर ठेवावा. रक्तातल्या अँटिबॉडी जंतूवरच्या उपचारानंतरही महिनोन्‌महिने राहतात, त्यामुळे जंतू गेला का हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी औषधं संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा श्वास तपासावा.

काळं शौच, रक्ताची उलटी, घटतं वजन किंवा गिळताना अडथळा असेल तर या दोन्ही वाटा सोडून थेट एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने तपासणी.

आणि गोळी बंद ठेवून केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तर ताणाच्या उपायांना वेळ देता येतो.