स्पॅनिश शिकताय? मग ‘तू’ने सुरुवात करायची की ‘वोस’ने?

‘आब्लो’ म्हणताना जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत नुसत्या आघाताने असा अर्थ फिरत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो फरक टिपायची सवयच नसते. स्पॅनिशमध्ये समोरच्याला ‘तू’ म्हणायला ‘तू’ आणि ‘वोस’ अशी दोन सर्वनामं आहेत. म्हणूनच त्यातलं कुठलं आधी शिकायचं हे ठरवताना मी आघाताचाही विचार करायला सांगते.

‘तू’ (हो, आपल्यासारखंच) चालतं स्पेनमध्ये आणि मेक्सिकोच्या बहुतेक भागांत. ‘वोस’ अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी.

वर्तमानकाळाचं रूप बनवायला वोस सोपं. ‘पोदेर’ म्हणजे शकणे. शेवटचा र काढा, स लावा, जोर शेवटी ठेवा: पो-देस. ‘तू’बरोबर जोर मागे धातूवर येतो आणि त्या जोराखाली ‘पो’चा ‘प्वे’ होतो: प्वे-देस. ‘फूल’चं ‘फुलाला’ होताना आपला ऊ आखडतो, तसाच इथे जोर पुढे सरकला की ‘प्वे’ पुन्हा ‘पो’ होतो.

आज्ञार्थात वोस आणखी सरळ. ‘तू’ची आठ आखूड रूपं पाठच करावी लागतात: दी (सांग), बेन (ये), पोन (ठेव) वगैरे. वोसला र काढला की झालं: देसी, बेनी, पोने, जोर शेवटी. अपवाद ‘जा’चा, तिथे ‘आंदा’. ‘बस’ म्हणताना तू-वाले ‘स्येन-ता-ते’ म्हणतात. जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर, म्हणून लिहिताना आघातचिन्ह हवंच. वोस-वाले म्हणतात ‘सेन-ता-ते’, जोर ‘ता’वर, चिन्ह नाही.

तरी वोस घेतलं म्हणून ‘प्वे’ चुकत नाही. मी प्वेदो, तो प्वेदे, ते प्वेदेन, हे शिकावंच लागतं. ‘तू’ याच रांगेत बसतं. त्यामुळे जायचं ठिकाण ठरलेलं नसेल तर ‘तू’च घ्या. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसला नोकरी किंवा शिक्षण ठरलं असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून वोस. पहिले काही महिने दोन्हींचा सराव एकत्र नको, जोर कुठे द्यायचा याचा गोंधळ उडतो.

अक्षरं तोडण्याची चूक मात्र दोन्हीकडे सारखीच होते. ‘आब्लास’ (तू बोलतोस) आपण सवयीने ‘आब्-लास’ असं तोडतो, कारण जोडाक्षरातला पहिला वर्ण आपण मागच्या अक्षराला चिकटवतो. स्पॅनिशमध्ये ते ‘आ-ब्लास’ आहे. ‘आ’नंतर टाळी वाजवा, मग ‘ब्लास’ म्हणा. आधी जोर ‘आ’वर (हे ‘तू’चं रूप), मग ‘ब्लास’वर (हे वोसचं).