ठरला राल ५००५, बसला भलताच निळा: सस्पेन्शनच्या पार्टवर पावडर कोटिंग करून घेताना होणारी फसवणूक

दोन इंच लिफ्ट केलेल्या मारुती जिम्नीचे हे पाच नग: ॲक्सल जागेवर धरणारे पुढचे दोन लीडिंग आर्म, मागचे दोन ट्रेलिंग आर्म आणि पुढचा ॲडजस्टेबल लॅटरल रॉड, ज्याला गॅरेजमध्ये सगळे पॅनहार्ड रॉडच म्हणतात. मालकाने ते पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कोटिंगवाल्याकडे पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी विजेच्या चार्जने बसवून भट्टीत भाजून पक्की करायला, दिले. तोंडी ठरलं ते असं: ब्लास्टिंग (दाबाने कण मारून धातू साफ करणं), त्यावर झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, वर पॉलिस्टर पावडर, रंग राल ५००५ म्हणजे सिग्नल निळा, सेमी-ग्लॉस. राल ही रंगछटांना नंबर देणारी पद्धत. दोन कोटांचे पैसे घेतले. बिलावर मात्र एवढंच आलं: ‘पावडर कोटिंग ब्लू, ५ नग’.

मे महिन्यात पार्ट बसले. एक पावसाळा आणि कोकणातल्या दोन फेऱ्या झाल्या. दिवाळीच्या सुमाराला पुढून टक्‌-टक्‌ आवाज येऊ लागला, म्हणून गाडी लिफ्टवर घेतली, आणि रंगाखाली काय काय दडवलं होतं ते एकेक करून बाहेर आलं.

लीडिंग आर्मवर जिथे बुशची (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळीची) रिंग वेल्ड केलेली असते, तिथे नख घातलं तर निळा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा उठला. उठलेला तुकडा उलटा करून पाहा, हीच पहिली परीक्षा. खरोखर दोन कोट असतील तर मागची बाजू प्रायमरची, मळकट राखाडी दिसते. इथे मागच्या बाजूला लालसर धूळ आणि विक्रेत्याने मूळ मारलेला काळा रंग चिकटून आला. म्हणजे ब्लास्टिंग नाही, प्रायमर नाही, जुन्या रंगावरच सरळ पावडर. जुना रंग विद्युतरोधक असतो. पावडर बसते ती साठ-ऐंशी हजार व्होल्टच्या चार्जमुळे, अर्थिंग दिलेल्या उघड्या धातूवर. जुन्या रंगावर ती नीट ओढली जात नाही. डीएफटी मीटर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) लावल्यावर एकाच आर्मवर कुठे ४० मायक्रॉन, तर कुठे १९० मिळाले. एका चांगल्या कोटाला ६० ते ८० आणि प्रायमर धरून दोन कोटांना १२० ते १५० मायक्रॉन हवेत, तेही सगळीकडे साधारण सारखे.

मग कापडावर एनसी थिनर घेऊन वीस-पंचवीस वेळा घासलं. कापड निळं झालं आणि घासलेली जागा चिकट लागली. पूर्ण भाजलेली पॉलिस्टर पावडर थोडी निस्तेज होईल, कापडाला किंचित रंगही लागेल, पण मऊ पडणार नाही. मऊ पडली म्हणजे भट्टीत कच्ची राहिली. याचं कारण समजून घ्या, कारण यात नेहमी लबाडीच असते असं नाही, बरेचदा आळस असतो. पावडरच्या डब्यावर ‘२०० अंश, १० मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. ते पार्टच्या धातूचं तापमान आहे, भट्टीतल्या हवेचं नव्हे. एक मिलिमीटर पत्र्याची कपाटं पाच-सात मिनिटांत तापतात. चार-पाच मिलिमीटरचा आर्म आणि त्याच्या जाड रिंगा तापायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. कपाटांच्याच लॉटमध्ये आर्म टांगले आणि कपाटांच्याच वेळेला बाहेर काढले की वरून चकचकीत, आतून कच्चा माल मिळतो. दगड लागला की खपली निघते, आणि तिथून पाणी आत शिरून थराखालून गंज पसरत जातो.

रंगही राल ५००५ नव्हता. उन्हात राल के-७ शेड कार्ड शेजारी धरल्यावर निळा स्पष्टपणे फिकट, हिरवटाकडे झुकलेला दिसला. चाकाच्या कमानीतून ऊन लागणाऱ्या टोकांवर पांढरी भुकटी आली होती, बोट फिरवलं की हाताला लागायची. याला चॉकिंग म्हणतात आणि हे इपॉक्सी किंवा इपॉक्सी-पॉलिस्टर हायब्रिड पावडरचं लक्षण. ही पावडर घरातल्या फर्निचरसाठी आणि पॅनेलसाठी चांगली असते, उन्हात टिकत नाही. पॉलिस्टरपेक्षा स्वस्तही पडते.

हे का केलं जातं याचा हिशेब सोपा आहे. पावडरचं खोकं वीस-पंचवीस किलोचं येतं. पाच नगांना, फवारताना उडून जाणारी धरूनही, दीड-दोनशे ग्रॅमच्या वर पावडर लागत नाही. शिवाय रंग बदलायचा म्हणजे गन, होज, हॉपर आणि बूथ साफ करण्यात माणसाचा वेळ जातो. म्हणून लहान कामाला ‘होईल, होईल’ म्हणून होकार दिला जातो आणि आधीच्या लॉटचं उरलेलं त्यातल्या त्यात जवळचं निळं मारलं जातं. प्रामाणिक कोटिंगवाला इथे दोनच गोष्टी सांगतो: माझ्याकडे हे रंग तयार आहेत, यातून निवडा, नाहीतर वेगळ्या रंगाचे वेगळे पैसे द्या, पावडर मागवतो, आठवडा लागेल. जो ‘कुठलाही राल नंबर द्या, दोन दिवसांत देतो’ म्हणतो, त्याला पावडरचं खोकं दाखवायला सांगा. खोक्यावर राल नंबर, रेझिनचा प्रकार (इपॉक्सी, पॉलिस्टर की हायब्रिड), ग्लॉस, बॅच नंबर आणि भाजायचं तापमान छापलेलं असतं. त्या लेबलचा फोटो काढायला कोणी हरकत घेतली तर पार्ट उचलून चालू लागा.

या सेटमधली सगळ्यात धोक्याची चूक मात्र रंगाची नव्हती. टक्‌-टक्‌ आवाज लॅटरल रॉडचा होता. या रॉडला लांबी कमी-जास्त करायला आटे असतात, आणि ती लांबी पक्की करायला लॉकनट. आट्यांना मास्किंग केलंच नव्हतं, म्हणजे पावडर बसू नये म्हणून ते झाकलेच नव्हते. पावडर आट्यांत भाजली गेली, मग कोणीतरी डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ती काढली आणि पावडरबरोबर आट्यांची धारही खाल्ली. लॉकनट जिथे टेकतो त्या तोंडावरही पावडर होती. पावडरचा थर दाबाखाली हळूहळू चेपत जातो. थर चेपला की बोल्टचा ताण गेला, ताण गेला की नट सैल. पुढचा लॅटरल रॉड ॲक्सलला आडवा धरून ठेवतो. तो सैल झाला तर वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि खड्ड्यात गाडी बाजूला ओढते.

बुशच्या रिंगेचंही तसंच. भोकाच्या आत ७० मायक्रॉन बसले तर व्यास १४० मायक्रॉननी कमी होतो. प्रेसने बसणाऱ्या बुशला एवढा फरक फार झाला. बुश जबरदस्तीने दाबले जातात, तिरके बसतात, किंवा भोक ग्राइंडरने खरवडून मोठं केलं जातं आणि मग बुश फिरू लागतो. म्हणून बुशची भोकं सिलिकॉन प्लगने, आटे सिलिकॉन टोपीने आणि नट-बोल्ट टेकणारी तोंडं उष्णता सोसणाऱ्या हिरव्या पॉलिस्टर टेपने झाकायची. साधी मास्किंग टेप भट्टीत जळून चिकटते. रबरी बुश आणि बॉल जॉइंट आधी काढूनच पार्ट द्यायचे. ‘बुश राहू द्या, आम्ही सांभाळतो’ म्हणणाऱ्याकडे दोनशे अंशांतून बाहेर आलेलं रबर वरून बरं दिसतं आणि दोन महिन्यांत चिरतं. शॉक ॲब्सॉर्बर तर जोडलेला असताना भट्टीत कधीच जाता कामा नये. आत तेल आणि दाबाखालचा गॅस असतो, तो फुटून माणसाचा जीव जाऊ शकतो. शॉकवर ‘पावडर कोट करून देतो’ असं सांगून घेतलेले पैसे एकतर साध्या स्प्रे पेंटचे असतात, नाहीतर जिवाशी खेळ असतो.

रंगाआडची दुसरी मोठी फसवणूक स्प्रिंगमध्ये चालते. बिल्स्टीनचे शॉक पिवळे, टाईनचे हिरवे, हे गाडीवाल्यांना पाठ असतं, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. जुनी, कापलेली किंवा स्थानिक स्प्रिंग प्रसिद्ध रंगात न्हाऊन ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकली जाते. रंग हा ब्रँडचा पुरावा नाही. वेटोळ्यावरचा ठसा आणि पार्ट नंबर पाहा. जाड पावडरखाली ते बुजवलेले असतील तर घेऊ नका. व्हर्नियर (व्यास अचूक मोजायचं साधन) सोबत न्या. तारेचा व्यास, मोकळी उंची आणि वेटोळ्यांची संख्या विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून पाहा, पण व्यास मोजताना दोन्ही बाजूंच्या रंगाची जाडी वजा करा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो: १२ मिलिमीटरऐवजी ११.५ ची तार असेल तर बाकी सगळं सारखं असूनही स्प्रिंग साधारण सोळा टक्के मऊ होते. शेवटच्या वेटोळ्याचं टोक ग्राइंडरने सरळ कापलेलं दिसलं तर ती बहुधा कापलेली स्प्रिंग आहे.

स्प्रिंगवर पुन्हा कोटिंग करायचं असेल तर ॲसिड पिकलिंग, म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून गंज काढणं, करू देऊ नका. ॲसिडमधला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग पुढे कधीतरी अचानक तुटते. मऊ ब्लास्टिंग, फॉस्फेटिंग आणि लेबलवरच्याच तापमानाला भाजणं एवढंच पुरतं. ॲल्युमिनियमचे आर्म असतील तर जुना रंग जाळून काढणाऱ्या भट्टीला सक्त मनाई करा. ६०६१-टी६ या मिश्रधातूला ताकद येते ती १६० ते १७७ अंशांच्या आसपास कित्येक तास दिलेल्या उष्णतेतून. साडेतीनशे-चारशे अंशांत ती ताकद जाते आणि वरून काहीच कळत नाही.

रंग कोणता निवडावा याबद्दल आमचं मत पक्कं आहे: आर्म आणि रॉडला फिकट, साधा, मेटॅलिक नसलेला रंग. वेल्डची तडे गेलेली रेघ, बुशमधून उतरलेली गंजाची ओघळ, गळणाऱ्या सीलचं तेल फिकट राखाडीवर लगेच दिसतं. काळ्यावर ते महिनोन्‌महिने लपून राहतं. राल ७०३५ चांगला, पण तो इलेक्ट्रिक पॅनेलचा रंग असल्यामुळे जवळपास प्रत्येक दुकानात त्याचं उघडं खोकं असतं आणि ते बहुधा हायब्रिडचं, टेक्स्चर असलेलं. ‘७०३५, प्लेन, बाहेरच्या वापराची पॉलिस्टर’ असं तीन वेळा सांगा. काळा राल ९००५ बाहेरच्या ग्रेडमध्ये सहज मिळतो, टच-अपही सोपा. ब्रॅकेट आणि स्किड प्लेटला तोच घ्या. टेक्स्चर (खरखरीत पोत) गाडीखाली चिखल धरून ठेवतं. कँडी रंग चंदेरी कोटावर पारदर्शक थर देऊन करतात, थर जाड-पातळ झाला की चार आर्म चार छटांचे होतात, आणि खपली उडाली तर दुरुस्ती जमत नाही. मेटॅलिकवर क्लिअर कोट नसेल तर व्हील क्लीनरने डाग पडतात.

नुसता नंबर सांगणं पुरत नाही. राल नंबर फक्त रंगछटा सांगतो. चकाकी, पोत आणि रेझिन त्यात येत नाही. म्हणून डिलिव्हरी चलनावर मराठीत का होईना, पण पूर्ण ओळ लिहून घ्या (यातलं एसए २.५ म्हणजे धातू जवळपास पूर्ण स्वच्छ होईपर्यंतचं ब्लास्टिंग): ‘राल ५००५, सेमी-ग्लॉस, प्लेन, पॉलिस्टर; जुना रंग काढून एसए २.५ ब्लास्टिंग, चार तासांच्या आत झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, एकूण जाडी १२० ते १५० मायक्रॉन, भोकं, आटे, टेकणारी तोंडं मास्क’. ब्लास्टिंगनंतर आणि प्रायमरनंतर एकेक फोटो मागा. आणि त्याच खोक्यातली पावडर मारलेली, पार्टबरोबर भाजलेली हाताएवढी पत्र्याची पट्टी घ्या. क्रॉस-कट करायचा (थरावर चौकडी कापून तो किती घट्ट बसलाय ते पाहायचं), थिनर घासायचा, शेड जुळवायची ती या पट्टीवर, पार्टवर ओरखडे न काढता. शेड बघायला दुकानाच्या ट्यूबलाइटखाली थांबू नका, बाहेर उन्हात या. मोबाइलच्या स्क्रीनवर तर मुळीच जुळवू नका.

जिम्नीचे मालक तक्रार घेऊन परत गेले तेव्हा उत्तर मिळालं, “साहेब, बिलात नंबर कुठाय? निळा सांगितलात, निळा दिला.” तोंडी ठरलेलं सिद्ध करता येईना. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि फोटो आहेत, त्यांनी ते जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पार्ट दुसरीकडे देण्याआधी निघालेल्या पापुद्र्याचे तुकडे तारीख टाकून पाकिटात ठेवा आणि मीटरच्या आकड्यासकट फोटो काढा, कारण ब्लास्टिंग झाल्यावर पुरावा उरत नाही.

हा सेट आता दुसरीकडे पुन्हा केला आहे, राल ७०३५ मध्ये. बुश नवे घातले, आटे खाल्लेला रॉड टाकून नवा घेतला. लॉकनट आवळून झाल्यावर नट आणि रॉडवरून पेंट मार्करने एक आडवी लाल रेघ मारली. शंभर किलोमीटरनंतर गाडीखाली वाकून बघितलं की रेघ सरळ आहे की तुटली आहे ते फिकट राखाडीवर टॉर्चशिवायही दिसतं.