अडीच टनी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट: सात-आठ महिने चालवल्यावर

भिवंडीतल्या आमच्या गोडाऊनमध्ये डिझेलच्या जागी अडीच टनी, चारचाकी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट आली, त्याला सात-आठ महिने होत आले. बॅटरी ४८ व्होल्टची, लेड-अ‍ॅसिड. गाडीवर मी खूश आहे. आत धूर नाही, ऑपरेटरचे डोळे चुरचुरत नाहीत, एवढ्यासाठीसुद्धा मी ती पुन्हा घेईन. पण नवीन घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, स्पेसिफिकेशनमधला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या अटीवर दिलेला असतो. ती अट आधी विचारा.

सगळ्यात ठळक छापलेलं ‘२५०० किलो’ घ्या. हे ५०० मिमी लोड सेंटरला, म्हणजे फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या दोन दात्यांच्या) उभ्या बाजूपासून मालाचा गुरुत्वमध्य तेवढ्या अंतरावर असेल तर. आमची पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) १२०० मिमी खोल, म्हणून मध्य ६०० वर जातो. पुढच्या चाकांचा आस हा टेकू धरून हिशेब केला, तर उरतात साधारण सव्वादोन टन. साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारं जोडयंत्र) लावला की त्याचं वजन वजा, शिवाय माल आणखी पुढे सरकतो. मास्ट (फोर्क वर नेणारा उभा खांब) उंच गेला की क्षमता अजून घटते. वरच्या रॅकवर नेमकं किती चढवायचं ते गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर असतं. ती प्लेट साइड शिफ्टरसकट आणि तुमच्या रॅकच्या उंचीसाठी बनवून घ्या, तोंडी आश्वासनावर थांबू नका.

मास्टबद्दल थोडक्यात. कंटेनर भरायचे असतील तर दोन आकडे बघा: मिटलेल्या मास्टची उंची आणि फ्री लिफ्ट, म्हणजे मास्ट न वाढता फोर्क किती वर जातात ते. साध्या कंटेनरचं दार सुमारे २.२८ मीटर उंच असतं. फ्री लिफ्ट कमी असेल तर दुसरा थर चढवताना मास्ट छताला लागतो.

चढाईचा आकडा बहुधा टक्क्यांत आणि काही मिनिटांपुरता असतो. १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश, आणि दिवसभर रॅम्पवर ये-जा करायची मुभा त्यात धरलेली नाही.

आता बॅटरी, कारण रोजचं सुख-दुःख तिथेच आहे. आमची बॅटरी ६०० अँपिअर-अवरची; ४८ व्होल्ट गुणिले ६०० म्हणजे २८.८ युनिट. लेड-अ‍ॅसिड ८० टक्क्यांपलीकडे उतरवायची नाही, म्हणून हाताशी २३ युनिट. गाडीने तासाला ५ युनिट खाल्ली तर साडेचार तास सलग काम. आमच्या एका शिफ्टला हे पुरतं, कारण गाडी सतत पळत नाही. दोन शिफ्ट असतील तर नाही पुरणार: पूर्ण चार्जिंगला आठेक तास आणि नंतर बॅटरी थंड व्हायला वेळ. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावर घालायचं. चार्जिंगची जागा हवेशीर हवी, कारण हायड्रोजन निघतो. भाव ठरवतानाच या जागेचा विचार करा.

पुढची गाडी मी लिथियमची बघतोय, जेवणाच्या सुट्टीतही चार्ज लावता येतो म्हणून. जुन्या गाडीत नुसता बॅटरीबदल मात्र करणार नाही. टनाच्या आसपासची ही लेड बॅटरी मागचा तोल सांभाळते. डेटा प्लेटवर बॅटरीचं किमान वजन दिलेलं असतं, आणि लिथियम त्याहून हलकी भरली तर फरकाचं वजन उत्पादकाकडूनच बसवून घ्यावं लागतं.