‘बंदरं तुम्ही निवडा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

आकडा आधी सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो तीन वेगवेगळ्या रकमांनी फिरतोय. 1,58,599 रुपये, एका खोट्या क्रूझच्या बुकिंगमध्ये. चार हप्त्यांत, आठ दिवसांत, माझ्याच फोनवरून, माझाच पिन टाकून गेले. ओटीपी कुणाला सांगितला नाही, कुठली लिंक दाबली नाही, कुठलं ॲप उतरवून घेतलं नाही. तेवीस वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी करतोय, दुसऱ्यांची बिलं तपासणं हाच माझा धंदा. तरी फसलो. म्हणून ‘अडाणी लोकच फसतात’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट वाचावं.

आम्ही मूळ मालवणचे. 2025 च्या गणपतीत आईला घेऊन गावी गेलो आणि येताना महामार्गावर चौदा तास गाडीत बसलो. आई 78 वर्षांची, कंबर आधीच गेलेली. कोलाडच्या आसपास कधीतरी ती म्हणाली, “आमच्या वेळी बोट होती ते बरं होतं.” 1969 साली लग्न होऊन ती मुंबईला आली ती बोटीनंच. भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा ट्रंकेला बांधलेली दोरी भिजून फुगली होती आणि सुटता सुटेना, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. कोकण किनाऱ्याची ती बोट ऐंशीच्या दशकात बंद झाली. तेव्हापासून तिला एकदा तरी समुद्रातून गावी जायचं होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी फोनवर जाहिरात दिसली. ‘मुंबई ते गोवा, कोकणातल्या बंदरांवरून. चार रात्री. बंदरं तुमच्या पसंतीची.’ वर एका मोठ्या क्रूझ कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव, निळ्या रंगाचं तसंच चिन्ह. आमचं गाडीतलं बोलणं फोननं ऐकलं की काय, असं बायको म्हणाली. ते मला माहीत नाही. पण जाहिरात नेमक्या दुखऱ्या जागी लागली, हे खरं.

लोक विचारतात, इतकी अशक्य गोष्ट खरी कशी वाटली? तर ती अशक्य वाटत नव्हती. ऑगस्टभर पेपरात भाऊच्या धक्क्यावरून जयगड-विजयदुर्गला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी, बोट सुरू होणार म्हणून बातम्या येत होत्या. मंत्री बोलत होते. त्याच्या आदल्या वर्षी, 30 सप्टेंबर 2024 ला, केंद्र सरकारनं क्रूझ पर्यटन वाढवण्यासाठी मुंबई बंदरातच ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं होतं. फोनवरच्या माणसानं, म्हणजे स्वतःला बुकिंग मॅनेजर म्हणवणाऱ्यानं, हीच नावं घेतली. “काका, मिशनखाली छोटी बंदरं उघडलीत, पहिल्याच सीझनला भाडं कमी ठेवलंय.” स्वच्छ मराठी बोलत होता. आईला आजी म्हणत होता. कुठून बोलतोस विचारलं तर बॅलार्ड पियर म्हणाला, आणि मुंबईचं क्रूझ टर्मिनल तिथंच आहे, म्हणजे तेही जुळलं. खोटं बोलणाऱ्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा चांगला असतो, हे लक्षात ठेवा. त्यांनी चार खऱ्या गोष्टी सांगितल्या म्हणून पाचवीही खरी धरू नका.

मग फॉर्म आला. पीडीएफ, दोन पानी. दुसऱ्या पानावर यादी होती: हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. प्रत्येकासमोर चौकोन आणि खाली ‘कोणतीही तीन बंदरं निवडा’. मी प्रिंट काढून आणली. रात्री जेवणं झाल्यावर आई चष्मा लावून टेबलाशी बसली. एकेका नावावर बोट ठेवून, पूर्वी कुठल्या बंदरात काय चढायचं ते सांगत होती. रत्नागिरीवर खूण केली, विजयदुर्गावर केली. मालवणवर बोट ठेवून थांबली आणि म्हणाली, “मालवणात बोट धक्क्याला लागत नसे रे. बाहेर उभी राहायची. पडावातून उतरायला लागायचं.”

हाच तो क्षण. रोज रात्री झोपताना मी इथेच परत येतो.

कारण माझ्या हातात त्याच वेळी दरपत्रक होतं आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘मालवण, बर्थिंग चार्जेस, माणशी 3,200’. बर्थिंग म्हणजे जहाज धक्क्याला लावणं. आई सांगत होती की तिथं जुनी बोटसुद्धा धक्क्याला लागत नव्हती, आणि मी दहा-अकरा मजली जहाज तिथं लावण्याचे पैसे द्यायला निघालो होतो. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर मी पंचवीस-तीस वेळा तरी गेलो असेन. त्या पाण्यात खडक वर आलेले दिसतात, होडीवाला वाट काढत वळत वळत नेतो. फॉर्मच्या पहिल्या पानावर जो फोटो होता त्यात पांढरंशुभ्र जहाज बरोबर त्याच जागी, किल्ला आणि धक्का यांच्या मधे उभं होतं. मी तो फोटो पाहिला, आईला दाखवला, ‘छान आहे ना’ म्हटलं. आईला म्हणालो, “आता सगळं बदललंय, आई. नवीन जेटी झालीय.” ती गप्प बसली. मुलगा सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटलं असणार. जी बाई ते पाणी ओळखत होती तिला मी गप्प केलं आणि ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याच्यावर विश्वास ठेवला.

आता पैसे. आम्ही सहाजण: आई, मी, बायको, मुलगी, ताई आणि भावोजी. माणशी 18,500 प्रमाणे 1,11,000. 12 सप्टेंबरला टोकन म्हणून 11,000 भरले. 13 ला 1,00,000, कारण यूपीआयची दिवसाची मर्यादा तेवढीच. त्यानं टोकनचा आकडा मर्यादा बघूनच ठरवला होता, हे आता कळतंय. 14 ला तीन बंदरांचे चार्जेस: रत्नागिरी 1,800, विजयदुर्ग 2,100, मालवण 3,200, माणशी 7,100, सहाजणांचे 42,600. 19 ला आईच्या वयामुळे ‘मेडिकल क्लिअरन्स’चे 4,999. पैसे भरताना स्क्रीनवर कंपनीचं नाव येत नव्हतं, एका माणसाचं नाव येत होतं. विचारलं तर म्हणाला, “काका, हे आमच्या फायनान्स पार्टनरचं खातं, कंपनीच्या खात्यात टाकलंत तर ऑफर लागत नाही.” कंपनीच्या नावाऐवजी माणसाचं नाव दिसलं की तिथंच हात मागे घ्या. त्यापुढे कुठलंही स्पष्टीकरण ऐकू नका. मी ऐकलं.

बंदरांबद्दल जे मला आधी कळायला हवं होतं ते इथे सविस्तर लिहितो. क्रूझमध्ये बंदर प्रवासी निवडत नाही. जहाज कुठं थांबणार हे कंपनी कित्येक महिने आधी ठरवते. धक्का मिळवावा लागतो, परवानग्या घ्याव्या लागतात, आणि मुळात पाणी लागतं. अशा जहाजाला सात-आठ मीटर खोल पाणी हवं. मुंबईहून निघणारी जहाजं गोव्याला मुरगावात लागतात, कोचीला लागतात, कारण तिथं तेवढं पाणी आणि तसे धक्के आहेत. लक्षद्वीपला जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात, दर्या खवळलेला असला तर तेही रद्द होतं. तुमच्या हातात असतं ते एवढंच: कुठल्या तारखेची, कुठल्या मार्गाची फेरी घ्यायची, आणि बंदरात उतरल्यावर फिरायला जायचं की जहाजावरच थांबायचं. पोर्ट चार्जेस खरे असतात, तिकिटाच्या हिशोबात लिहिलेले असतात, पण ते तिकिटाबरोबर कंपनीच घेते. एकेका बंदराचे वेगळे पैसे वेगळ्या दिवशी कुणीही मागत नाही. एकाच जहाजावर हजारभर माणसं आणि प्रत्येकाला आपापली तीन बंदरं! हा विचार मला एकदाही शिवला नाही. शिवायला हवा होता.

22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हणून आणखी 30,000 मागितले. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. मालवणच्या मावसभावाला फोन लावला, तुमच्याकडे क्रूझ येणारेय ना डिसेंबरात? तो क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, “अरे, हंय ओहोटीक होडये टेकतत. तुझी दहा मजल्याची बोट हंय खंय येतली?” त्यानंतर खऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. पाच मिनिटांत उत्तर मिळालं: अशी फेरीच नाही. हा फोन फुकटचा होता. 12 तारखेला केला असता तर एक रुपया गेला नसता. कंपनीचा नंबर जाहिरातीवरून घेऊ नका, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः शोधून घ्या.

आणि मग सरकारी दारं. त्याच दुपारी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला. लागायला चाळीस मिनिटं गेली. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “इतके दिवस काय करत होतात?” पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येतात, हे मला मान्य आहे, आणि तुम्हीही संशय आल्या आल्या, लाज बाजूला ठेवून आधी 1930 लावा. पण ज्याला फसवलं गेलंय हेच माहीत नाही तो पहिल्या तासात फोन करणार कसा?

सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पावती क्रमांक आला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथं सांगितलं, ऑनलाइन केलीय ना, मग झालं. मी म्हटलं, एफआयआर हवाय. तर म्हणे, पैसे गेलेलं खातं दुसऱ्या राज्यात आहे, हद्द आमची नाही. जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे मी छापून नेलेल्या कागदावरून वाचून दाखवलं. उत्तर आलं, “साहेब आल्यावर या.” मी पाच वेळा गेलो. दोनदा बंदोबस्त होता, एकदा साहेब कोर्टात होते, एकदा नेट बंद होतं. पाचव्या वेळी एफआयआर झाला, तोही ताईच्या ओळखीतल्या एका वकिलानं फोन केल्यावर. माझ्या आधी बाकावर बसलेल्या एका आजोबांचे पेन्शनचे पैसे गेले होते. त्यांच्या ओळखीत कुणी वकील नव्हता. त्यांना त्या दिवशीही परत पाठवलं.

बँकेची तऱ्हा आणखी वेगळी. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर त्याची जबाबदारी मर्यादित. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे परवानगी तुमचीच. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणी उघडलं, कुठल्या कागदांवर उघडलं, आठ दिवसांत त्यात लाखांनी पैसे येऊन त्याच दिवशी बाहेर कसे जात होते, हे बँकेला दिसलं नाही? मला माझ्याच खात्याचं केवायसी वर्षात दोनदा करायला लावतात. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. तिथं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा विक्रेताच अस्तित्वात नाही, तेव्हा सायबर पोलिसांकडे जा. म्हणजे पुन्हा त्याच बाकावर.

एका खात्यात 12,400 रुपये गोठवले गेलेत, एवढंच हाती. तेही मिळवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला सांगितलं गेलं आणि त्या अर्जाचे वकील 8,000 मागतो. मी अर्ज करणार आहे. 4,400 साठी का होईना, करणार आहे.

चॅट, पीडीएफ, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, काहीही पुसू नका. मी रागाच्या भरात त्या माणसाशी झालेलं अर्धं बोलणं पुसलं आणि तपास अधिकाऱ्यानं पहिल्यांदा तेच मागितलं. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना रक्कम सांगा, लपवू नका. मी आईला ‘क्रूझ रद्द झाली’ एवढंच सांगितलं होतं. तिनं ताईकडून खरं काढून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पैशांसाठी नव्हे. “मी सांगत होते ना, बोट लागत नसे तिथं,” एवढंच म्हणाली.

ती जाहिरात मी तीनदा रिपोर्ट केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, नियमांचा भंग आढळला नाही. काल रात्री ती पुन्हा दिसली. फोन नंबर नवा, जहाजाचा फोटो तोच, आणि बंदरांच्या यादीत आता श्रीवर्धनही आहे.